झाळ

गुजरीच्या मागच्या बोळात माझं दुकान, पाटी नाही.
लोक विचारत येतात, मुलाम्याचं कुठं?
आणि विचारताना आवाज खाली घेतात.

तीस वर्षं पितळ झाकतोय मी.
साजाची पानं, ठुशीचे मणी, पुतळ्या, बोरमाळा,
टबात बुडवून
पिवळ्यावर पिवळं.
एका ग्रॅमात अख्खी नवरी निघते.
किती टिकेल, विचारतात. म्हणतो, लग्नापुरतं नक्की.
हसतात, आणि शंभर कमी करायला लावतात.

साखर कारखान्यातला आदगोंडा मगदूम
आफ्रिकेत गेला होता, नातालच्या मिलमध्ये रोलर बसवायला.
परवा आला. नकाशांच्या गुंडाळीतून
त्यानं टॉवेलात बांधलेलं काही काढलं:
मनगटापासून कोपराजवळ पोचेल एवढं पितळ,
ओतीव, वरवंट्यासारखं जड,
अंगावर नांगरटीसारख्या सऱ्या,
हात घालायला मागून उघडं,
आणि एका सरीत तडा.

"कँटीनच्या म्हातारीचं हाय. थेंबेकिले. झुलू बाई.
तिच्या गावचा पितळवाला मेला, त्याची पोरं गाड्या चालवत्यात.
म्हटलं, आमच्याकडं माणूस हाय.
कस्टमवाला विचारत हुता, सोनं काय?
म्हटलं पितळ. सोडलं लगेच."

माझा हात सवयीनं टबाकडं गेला.
चढवू का जरा? उद्यापर्यंत झगझगेल.
आदगोंडानं असं बघितलं
जसं तालमीच्या मातीत बूट घालून आलेल्याकडं बघतात.
"राजानं दिलंय ते, तिच्या खापरपणज्याला.
सोनं नव्हतं म्हणून न्हवं.
पितळच द्यायचं म्हणून.
उन्हात तापायचं, हात भाजायचा,
तर एक पोरगं संगं चालायचं
भोपळ्यातनं पाणी ओतत.
पर काढायचं न्हाई."

झाळ लावली. सवागी, पितळेचा कीस, बेतानं फुंकर.
तडा भरला. डाग तसाच ठेवला,
घासला नाही.
आतून बोट फिरवलं:
कातडीनं घासून गुळगुळीत झालेली जागा.
तिथं खालीवर काही नव्हतं.
जे होतं, तेच आरपार.

रात्री घरी आणलं, दुकानाच्या कुलपाचा भरवसा नाही.
मालननं हातात घेऊन वजन बघितलं, बोलली काही नाही.

तिच्या गळ्यातला साज मीच केलेला.
गडहिंग्लजला, भाचीच्या लग्नात,
व्याह्यांकडच्या एका बाईनं नखानं पान खरवडलं
आणि पंगतीत म्हणाली,
पितळ उघडं पडलं की वो.
आमच्या भाषेत ह्यापुढं बोलायला काही उरत नाही.
तेव्हापासून लग्नात मालनचा पदर गळ्याभोवती.
दर दिवाळीला मी नवा थर देतो,
ती मान खाली घालून घालून घेते.

सकाळी परसात, वाळत टाकलेल्या सांडग्यांशेजारी
ती बसलेली.
गळा मोकळा.
उजवा हात उन्हात लांब केलेला,
त्यावर कुण्या राजाचं पितळ, तिला सैल,
तरी कोपरापर्यंत.

मी म्हटलं, अगं, तापेल ते.

"तापू दे."

आणि बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता:

"वाईच तांब्या आणा पाण्याचा."