इतर कारण

एकतीस वर्षे मी ताळगावच्या पठारावर
दुसऱ्यांच्या नावांचे स्पेलिंग तपासत आले.
फर्नांडिस 'एस'चा की 'झेड'चा,
बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, दहावीच्या दाखल्यावर दुसरे,
आणि आई हाक मारते ते तिसरेच.
संगणकाला एकच हवे असते.

खिडकी क्रमांक तीन.
काचेला अर्धगोल भोक, हात जाईल एवढे.
मुले वाकून बोलायची.
मला वाटायचे, काय नम्र आहेत.
पुष्कळ उशिरा कळले,
भोकच खाली होते.

जूनमध्ये फायलींना बुरशी धरते.
कपाटात चाळीसचा बल्ब पेटता ठेवायचा,
हे मला शिपाई इनासियोने शिकवले.
त्याच्या जिवावर
सत्याऐंशी सालचे पदवीधर अजून कोरडे आहेत.

केपेच्या पार आतल्या वाड्यावरून
रोहिदास वेळीप आला होता.
हजेरी एकसष्ट टक्के. हवी पंचाहत्तर.
सवलतीच्या अर्जावर कारणापुढे
चौकट एकच: आजारपण.
"आजारी होतास?"
"ना मॅडम. काजूंचे दीस."
बापाच्या पायात खिळा गेलेला,
बोंडू कोण तुडवणार,
रात्रभर भाटीपाशी कोण बसणार.
अर्जाच्या कागदालाही तो वास होता,
गोड, आंबूस,
सगळ्या विभागाने माना वर केल्या.

डॉक्टरचा दाखला मिळतो, मला ठाऊक होते.
कुठे, कितीला, तेही.
सांगितले नाही.
चौकट खोडली, समासात लिहिले: काजू.
खाली सही.

विद्वत परिषदेत त्या एका शब्दावर पाऊण तास गेला.
एक सदस्य हसले.
दुसरे म्हणाले, उद्या कुणी मासळी लिहील.
लिहू दे की, असे मी म्हणाले नाही.
मी इतिवृत्त लिहीत होते.

पुढच्या वर्षी अर्जावर दुसरी चौकट आली,
'इतर कारण',
आणि तिच्यापुढे ठिपक्यांची ओळ.
माझी नोकरी मोजायची तर
ती तेवढी, साधारण नऊ सेंटीमीटर.

पण रोहिदासच्या आधी दोन वर्षे
शिरदोनची डेल्सिया आली होती.
हजेरी चौसष्ट.
म्हणजे त्याच्याहून तीनने जास्त.
तिला मी 'नियमानुसार' हा शब्द दिला,
सुवाच्य, लाल शाईत.
ती थँक्यू म्हणाली, वाकून.
पुन्हा आली नाही.
कारण मी विचारले नव्हते.
चौकट नव्हती ना.

आज शाल, नारळ, केक.
कुलसचिव माझ्या शिस्तीबद्दल बोलले,
मधेच वीज गेली, तेव्हा टाळ्या लवकर वाजल्या.
चोडणची फेरी गाठायची म्हणून मी निघाले
आणि उगाच कपाट उघडले.
वीज आली होती.
तिची फाइल तिसऱ्या खणात, डाव्या कडेला,
हाताला कोमट लागली.
नाव पाहिले.
स्पेलिंग अगदी बरोबर आहे.

खिडकीवरच्या नव्या मुलीने किल्ल्या घेतल्या,
विचारले, आणखी काही, मॅडम?
म्हटले, बल्ब तेवढा चालू ठेव.
आणि सुताराला बोलावून
ते भोक जरा वर करून घे.