चौतीस पायऱ्या

चौतीस पायऱ्या खाली, चौतीस वर.
रोज मोजते, लोकरीचं बोचकं पाठीशी बांधून.
तिबिलिसीच्या त्या रुंद रस्त्याखालच्या भुयारात
माझं दुकान म्हणजे एक खोका, दोन दोऱ्या,
आणि चिमट्यांनी टांगलेले मोजे.

वर आठ पदरी रस्ता.
तो मी ऐकते, बघत नाही.
ट्रक गेला की छताचा पोपडा पडतो,
मी तो मोज्यांवरून झटकते.
एवढीच आमची ओळख.

कुणी ठरवलं कोण जाणे,
की चाकांनी उन्हातून जावं
आणि पायांनी अंधारातून.
जमिनीखाली माणूस एकदाच जातो,
तेही दुसऱ्यांच्या खांद्यावरून.
इथे पाव आणायचा तरी
स्वतःला पुरून घ्यायचं
आणि पलीकडे पुन्हा उगवायचं.

एतेरी उतरायची कठडा धरून,
पायरीगणिक एका संताचं नाव घेत.
संत संपायचे, पायऱ्या उरायच्या.
खाली पोचली की माझ्याशी मोज्यांचा भाव करायची,
घ्यायची कधीच नाही.
दम परत आला की भाव तुटायचा.

आणि गेगी.
सायकल खांद्यावर घेऊन उतरायचा.
माणसावर बसलेली सायकल
मी तिथेच पाहिली.
माझ्यासमोर आला की घंटी वाजवायचा, उगाच.

मार्चमधल्या एका गुरुवारी तो उतरला नाही.
वरून एक आवाज आला.
सतरा वर्षांत वरचे सगळे आवाज मला पाठ झालेत.
हा त्यातला नव्हता.

मग त्याची मावशी कागद घेऊन आली.
रस्त्यावर पट्टे हवेत, चालणाऱ्यांसाठी दिवा हवा,
कडेने सायकलींना वाट हवी.
कागद माझ्या खोक्यावर पसरला,
भुयारात सपाट जागा तेवढीच.
खरं सांगते, पेन मी लगेच धरलं नाही.
लोक वरून गेले तर खाली मोजे कोण घेणार?
मनात हिशेब मांडला. दिवसाला चार जोड, शनिवारी सात.
गेगीच्या बुटात मोजे नसायचे, जानेवारीतसुद्धा.
एक राखाडी जोड त्याला देऊन टाकायचा होता.
म्हणत होते, उद्या.

सही केली. त्रेपन्नावी.
नाव जरा वाकडं आलं.

साहेब आले, फीत धरून रस्ता मोजला,
म्हणाले, गाड्या खोळंबतील.
एतेरी म्हणाली, खोळंबू देत.
मी पंचवीस वर्षं खोळंबलेय,
मेले का?

त्यानंतरही दोन हिवाळे गेले.
साहेब बदलले, फीत तीच आली.

पट्टे ओले होते त्या दिवशी
मीही पलीकडे जाऊन आले, काही काम नव्हतं.
रस्त्याच्या मधोमध आकाश असतं.
डोंगरावरचा टॉवर दिसतो तिथून,
इतकी वर्षं मला ठाऊक नव्हतं.

हिरवा माणूस सत्तावीस सेकंद चालतो.
एतेरीला चाळीस लागतात.
सहाव्या पदरावर असताना दिवा बदलला.
तिने घाई केली नाही.
हात वर केला, गुराला अडवतात तसा,
आणि अख्खी बस थांबली.
ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. मागच्याने दिला.
तिने वळून त्याच्याकडे पाहिलं,
न घ्यायच्या मोज्यांकडे पाहावं तसं,
आणि चालत राहिली. संतांची नावं न घेता.

मी आता सायकलवाटेच्या खांबाशी बसते.
पोरी एक पाय टेकून भाव विचारतात,
दुसरा पॅडलवर.
कुणी घेतं, कुणी नाही.
वर वारा फार आहे.
एकेका मोज्याला
दोन-दोन चिमटे लावावे लागतात.