लेखनिक

प्रणित पावसे दहावीला बसला
तेव्हा मी त्याचा उजवा हात होते.
बोर्डाच्या कागदावर त्याला लेखनिक म्हणतात.
एक यत्ता खालचा हवा, असा नियम;
म्हणजे त्याला उत्तरं येत नसणार, असं धरून चाललेलं.

धोपाव्याहून सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने दाभोळला.
त्याच्या आईकडे प्लास्टिकच्या पिशवीत
रत्नागिरीच्या सिव्हिलचं सर्टिफिकेट, वर रबर.
त्याला काय येत नाही ते त्यात इंग्रजीत होतं
आणि तिने ते अंगाऱ्याच्या पुडीसारखं
मुठीत धरलेलं, धक्क्यापासून शाळेपर्यंत.

आम्हाला वेगळी खोली: प्रयोगशाळा.
बाटलीत एक फिकुटलेला मासा, खाली चिठ्ठी: बोईट.
"ही मुडदुशी हाय," प्रणित म्हणाला.
"पेपरवर लक्ष दे," सकपाळ सर म्हणाले.

मी प्रश्न वाचायचे. तो डोळे मिटायचा.
अक्षरं समोर आली की लिलावासारखं होतं, म्हणायचा,
सगळी एकदम ओरडतात, भाव कुणाचाच कळत नाय.

भरती कशामुळे येते?
"चंद्र पाण्याला वढतो.
पण पाणी लगेच नाय निघत, जड असतंय.
जरा उशीर करतं."
शेवटचं वाक्य ताईच्या पुस्तकात नव्हतं.
मी लिहिलं. वढतो, असंच लिहिलं.

मग तो डोळ्यांचा प्रश्न.
लांबचं दिसत नाही, भिंग कोणतं?
"बहिर्गोल," तो म्हणाला.
माझं पेन थांबलं.
अंतर्गोल. तिसरीपासून माझ्या नाकावर आहे ते.
त्याने डोळे उघडले, पेनकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी चष्मा नुसता वर सरकवला असता
तरी दोन मार्क होते.

"चुकलं काय?" त्याने विचारलं.
सर खिडकीतून आत वळले.
मी बहिर्गोल लिहिलं.
ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, सुवाच्य,
माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर चुकीचं उत्तर.

त्यानंतर मी पेन थांबू दिलं नाही.
त्याचं बरोबर असो, चुको,
वल्ह्यासारखा एकच वेग.
त्याला माझ्या थांबण्यातून काहीही ऐकू येऊ नये
एवढंच मला करता येत होतं.
हे कुठल्याच परिपत्रकात नाही.

जादा वेळ संपता संपता हजेरीचा कागद आला.
सही मात्र त्याचीच हवी.
त्याने पेन घेतलं. माझ्या घामाने ओलं होतं ते.
प, मग थांबला. पायातली रेघ
कुठल्या बाजूला झुकते ते
हवेत दोनदा करून बघितलं.
मग णि, वेलांटी आधी की नंतर.
खाली बोटीचा भोंगा झाला, ती सुटली.
सकपाळ सरांनी घड्याळ पाहिलं
आणि मनगट पाठीमागे नेलं.
आम्ही दोघं त्या मुडदुशीकडे बघत राहिलो.

विज्ञानाचे किती पडले ते मी विचारलं नाही.
तो आता वेलदूरला इंजिनं दुरुस्त करतो
आणि पावत्या अजून बायकोकडून लिहून घेतो.

पुढच्या मार्चमध्ये माझाच पेपर होता,
पन्नास जणांच्या वर्गात, खिडकीशी.
पहिला प्रश्न मी वाचला, मोठ्याने, सवयीने.
सगळे वळून हसले.
आणि माझा हात
कागदावर टेकून राहिला जरा वेळ,
कुणीतरी सांगायला लागेल म्हणून.