फावेल

गेले आठ महिने मी एक क्रियापद मोजते आहे.

सोसायटीच्या इतिवृत्तांत ते नाही.
लग्नपत्रिकांत नाही, श्रद्धांजलीच्या जाहिरातींत नाही,
मंडळाच्या अहवालांत वीस वर्षांत एकदाही नाही.
वर्तमानपत्राच्या एका कात्रणात सापडलं: चोरट्यांचे फावले.
तिथे ते चोरांच्या बाजूचं.

पण दांडिया बाजारातल्या स्वयंपाकघरांत,
जिन्यात, स्कूटरला किक मारता मारता
हजार शब्दांमागे तीनदा:
मला नाही फावत. तुला फावेल ने?
या खुर्चीत फावतंय का?

दिगंबर शिर्के, वय एकाहत्तर, निवृत्त, वीज मंडळ.
माइक लावला आणि ते ताठ झाले.
गळ्यातून दुसराच कुणी बोलू लागला,
प्रत्येक ‘आहे’ इस्त्री केलेला:
“आमचे पूर्वज चाकरीनिमित्त या नगरीत आले.”
बावीस मिनिटं हे असं. मी मान डोलावत होते
आणि मनात रकाना भरत होते: भाषण, औपचारिक.

मग फोन वाजला. भाच्याचा.
“हां, बोल ने. रविवारी? फावेल, फावेल.
शाक मी आणतो, तू खाली हाताने ये.”
चाळीस सेकंद.
आठ महिन्यांतलं माझं सगळ्यात चांगलं.

फोन ठेवून म्हणाले, “तेवढं पुसा.
ते शुद्ध नाही. पुण्याची वहिनी हसते.”
संमतीपत्रावर मुलाखत असं लिहिलंय,
फोन असं कुठेच नाही.
मी पुसलं नाही. मोजलंही नाही.

अहवालात लिहिलं: सदर क्रियापदाचा आढळ
प्रसंगसापेक्ष असल्याचे दिसून येते.
आईला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, कोण वारलं?

काल रात्री काकांना मेसेज लिहायला बसले.
आपणांस सोयीचे असल्यास. खोडलं.
आपल्या सवडीनुसार. तेही खोडलं.
मग: काका, त्या फोनबद्दल विचारायचं होतं.
मंगळवारी फावेल ने?

दोन निळ्या खुणा.
ते लिहीत होते, थांबत होते, परत लिहीत होते.
सूरसागरच्या बाजूने एक वरात आली,
वाजत वाजत गेलीसुद्धा.
मग उत्तर:

“महोदया, मंगळवारी सायंकाळी ठीक पाच वाजता
आपण अवश्य यावे. आपला नम्र, दि. शिर्के.”

आणि खाली, बहुधा दुसऱ्याच बोटाने:
“चा पिशील ने?”