डिझेल संपलं तेव्हा

विर्पी हुर्स्काइनेन शाळेची बस चालवते.
नऊ मुलं, चार खेडी, आणि मध्ये एवढं जंगल
की रेडिओलासुद्धा कंटाळा येतो.
पोस्टरवर मात्र तिचं नाव रौता.
हिवाळ्यात जमीन आतल्या आत गोठते, त्याला आम्ही रौता म्हणतो.
वरून काही दिसत नाही.
कुदळ मारली की कळतं.

मी तिचा जनरेटरवाला,
शहाण्णव सालापासून.
पहिली रात्र एका बंद पडलेल्या लाकूडगिरणीत:
चौदा माणसं, एक कुत्रा,
आणि भुशाचा वास, जो पुढे कित्येक वर्षं
तिच्या स्पीकरांच्या जाळीतून गेला नाही.

तिचं संगीत कसं, हे लोक मला विचारतात,
मला, ज्याला सूर कळतो तो फक्त इंजिनाचा.
तर ऐका. आधी ठोका.
बर्चचा ओंडका एका घावात फुटावा, तसा कोरडा.
मागोमाग खर्जाची तीन पळती पावलं,
धप्-डुगुडुग, धप्-डुगुडुग,
मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस घाव
आणि खांदा कुणाचाच भरून येत नाही.
त्यावर ती सोडते एक वळवळता सूर,
गळाला लागलेल्या वाम माशासारखा,
आला आला म्हणेपर्यंत निसटलेला.
मग कुठूनतरी बेडूक.
मग पिएलिनेन तळ्याचा बर्फ.

जानेवारीत ती बर्फाला भोक पाडते,
दोरीला माइक बांधून खाली सोडते
आणि तास तास पालथी पडून राहते.
बर्फ गातो म्हणे. मी म्हणायचो, तडकतो.
एकदा तिने हेडफोन माझ्या कानांवर चढवला.
त्यानंतर मी वाद घातला नाही.

आता ते सांगतो, जे कुणाला सांगितलं नव्हतं.
दोन हजार तीनचा जून. रात्र आपली म्हणायची,
अंधार काही येत नाही त्या दिवसांत.
पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं,
मैदानावर सहाशे माणसं, ठेका ऐन भरात,
आणि जनरेटर खोकला.
डिझेल भरायला मी विसरलो होतो.

सगळं थांबलं.
मी कॅन घेऊन धावलो, तर विर्पीने हात वर केला:
थांब.
डास ऐकू आले. पलीकडच्या काठावरून कोकीळ.
आणि सहाशे माणसांची पावलं, ओल्या गवतावर,
न चुकता, त्याच लयीत,
धप् नसलेलं धप्.
किती वेळ गेला कोण जाणे.
मग तिने हात खाली घेतला, मी डिझेल ओतलं,
अर्धं बुटांवर.

तेव्हापासून तिच्या प्रत्येक मैफलीत ती जागा असते.
नेमकी भरात, सगळं तोडून टाकते.
पोर्तुगालमध्ये आयोजक वायर शोधत मंचाखाली घुसला,
ब्राझीलमध्ये लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग टाळ्या.
कुण्या समीक्षकाने लिहिलं, हे मौनाचं व्याकरण.
मी ते कात्रण गॅरेजात लावलंय,
तेलाच्या डब्यांच्या वर.

पैसा म्हणाल तर, एकच अल्बम.
पाचशे सीडी काढल्या,
तीनशे अजून सौनाच्या बाहेरच्या खोलीत,
टॉवेलांखाली.
नवी पोरं लॅपटॉपवर तिच्याहून जोरात वाजवतात.
बस मात्र रोज सव्वासातला सुटते.

आता तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजत असते.
योएन्सूच्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबायची नाही.
ती म्हणाली, कुठल्या पट्टीत आहे तेवढं सांगा.
त्यांनी आकडा दिला. घरी येऊन तिने
सगळी यंत्रं त्या आकड्याला लावली.
म्हणजे आता तिची ती मोकळी जागा
आपल्यासाठीच मोकळी. तिला तिथेही सूर आहे.

परवा तारा जोडताना तिने विचारलं,
टाकी भरलीस?
काठोकाठ, मी म्हटलं.
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी काहीतरी बिघडवून ठेवलंय.