अठ्ठाविसावा दिवस

टाकीतून घन बाहेर काढताना
हात आधी गारठतात, मग बोटांची कातडी सुरकुतते.
पंधरा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच.
अंगावर तैलरंगात लिहिलेलं: गा-१०.
गा म्हणजे गाळ. दहा म्हणजे
सिमेंटमधले दहा टक्के आमचे.

आमचे म्हणजे सांगलीचे.
खणभागातल्या न्हाण्यांचे,
हळदीच्या वखारीतून परतून
कोपरापर्यंत घासलेल्या हातांचे,
लग्नाच्या हॉलमागे
पहाटे तीनला ओतलेल्या डाळीचे.
सगळं एकाच पाइपातून जातं,
आणि कुणाचं कुठलं हे विचारायला
तिथं कुणी उभं नसतं.

उभा असतो इराप्पा,
वाळवणीच्या वाफ्यांपाशी, गमबूट आणि लांब फावडं.
पहिल्यांदा पोती आणायला गेलो
तेव्हा त्यानं आधी टोमॅटो दाखवले.
गाळ वाळून तडकला होता,
आणि त्या भेगांतून वीतभर रोपं, कुणी न लावलेली.
"गावानं खाल्लेलं बी हाय," म्हणाला,
"पोटातनं आलं, मशिनीतनं आलं, तरी मेलं न्हाई बगा."
एक लाल झाला होता. तो तोडला, शर्टाला पुसला,
माझ्यापुढं धरला.
मी पोती मोजत राहिलो.
त्यानं तो खिशात ठेवला.

परत येताना टेम्पोत म्हणाला,
"आमच्या म्हाताऱ्यानं हे डोक्यावरनं वाहिलं.
आता तुमच्याकडं काचेच्या भांड्यात चाललंय.
बरं झालं."
ते 'बरं झालं' मला
अजून कुठल्याच रकान्यात भरता आलेलं नाही.

भट्टी साडेआठशे डिग्री, चार तास.
राख निघते जुन्या कौलाच्या रंगाची.
चाळण प्रणोती मारते. प्रबंध तिचा, सही सरांची,
नाकाला ओढणी पहिल्या आठवड्यात होती, मग गेली.
घरी ती नुसतं 'राख' म्हणते.
कशाची, ते तिच्या आईनं अजून विचारलेलं नाही.

यंत्रात घन ठेवायचा, जाळी लावायची,
काटा चढताना बोलायचं नाही,
हा आमच्या लॅबचा अलिखित नियम.
गा-२० पाचशे वीसला गेला,
कुरकुरत, कडेनं कपच्या सोडत.
गा-१० थांबला. सहाशे. साडेसहाशे.
प्रणोतीनं पेनाचं टोपण चावलं.
सहाशे नव्वद किलोन्यूटनला एकच आवाज,
उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा.
तिनं भागाकार केला, परत केला,
आणि सरांना फोन लावायला पळाली.

पुढं कुपवाडला त्याचेच पेव्हर ब्लॉक पाडले, चारशे.
बघायला पाहुणे आले. एकानं ब्लॉक उचलून
नाकापाशी नेला, मग बाकीच्यांनीही नेला.
"वास न्हाई की हो," एक जण म्हणाला,
थोडा हिरमुसून.
शाळेनं नको म्हटलं. बागेच्या कमिटीनं
विचार करून कळवतो म्हटलं, कळवलं नाही.
शेवटी ते केंद्रावरच बसले,
फाटकापासून वाफ्यांपर्यंत.
पावसात इराप्पाचे गमबूट आता रुतत नाहीत.
त्याला सांगितलं तेव्हा हसला, "म्हंजे आलं की परत घरला."

दोन ब्लॉक मी आणले,
वॉशिंग मशिनच्या पायांखाली ठेवले.
बायकोला सांगितलं, कॉलेजातून आणलेत.
यात खोटं एक अक्षर नाही.
मशिन फिरतं, घरभर धडधड होते,
आणि साबणाचं पाणी नळीतून
पुन्हा त्याच पाइपाकडं निघतं.

आज गा-१० चा शेवटचा संच फोडला.
झाडू मारायच्या आधी मी तुकडे हातात घेतो,
फुटलेली बाजू खिडकीच्या उजेडात धरतो
आणि बी शोधतो.
साडेआठशे डिग्रीत काय उरतं,
तो तक्ता मीच भरलाय, माझ्याच अक्षरात.
तरी एकेक तुकडा उलटून बघतो.