साडेनऊ

रविवार कारंज्यावर, माझ्या स्टुडिओत,
रत्नप्रभाताई वडिलांचा फोटो घेऊन आल्या.
ओल खाल्लेला, कोपरा गेलेला.
एआयला म्हटलं, कर दुरुस्त.
चहा निवायच्या आत
डाग गेले, सदऱ्याला बटणं आली,
हंड्यावर टेकलेल्या हातांना
दहाही बोटं.

त्या स्क्रीनजवळ वाकल्या.
"हे कुणाचं?"

अर्धी तर्जनी तांबट लेनमध्ये
हातोड्याखाली गेलेली.
साडेनऊ बोटांवरच
शिकवली म्हणे त्यांनी बेरीज.

चारदा सांगितलं, काढ.
चारदा ते उगवलं,
नखासकट, गुळगुळीत.

शेवटी जुना ब्रश घेतला,
झूम केलं,
आणि श्वास धरून
एका तांबटाचं बोट
दुसऱ्यांदा तोडलं.

ताईंनी ओठांतल्या ओठांत मोजलं.
पिशवीतून पैसे काढले,
तेही मोजून.